कोरे, जुनेर, काकडा : धारूर परिसरातील वस्त्रविषयक शब्दांचा अर्थविचार

१

बीड जिल्ह्यातील धारूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील गाव इतिहासाच्या अभ्यासकांस मुख्यत्वे तेथील किल्ल्यामुळे परिचित आहे. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने हा किल्ला उभारला आणि १६३१ मध्ये, दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या ऐन काळात, तो मोगलांच्या हाती गेला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र किल्ला नव्हे. किल्ल्याच्या आसऱ्याने नांदणाऱ्या लोकांच्या अंगावरील वस्त्र, आणि त्याहीपेक्षा त्या वस्त्रासाठी त्यांच्या बोलीत वावरणारे शब्द, यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विचारास निमित्त झाले ते एका अगदी साध्या प्रसंगाचे. धारूर येथील एका कापडदुकानात एक वृद्ध स्त्री आपल्या नातवासह आली होती. मुलाने दोन विजारी निवडल्या होत्या. एक धड होती. दुसरी गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली व बाहेरून ठसठशीत नाममुद्रा लावलेली होती. दुसरीची किंमत पहिलीच्या दुपटीहून अधिक होती. आजीबाईंनी ती विजार उलटसुलट करून पाहिली आणि दुकानदारास विचारले, "भाऊ, हे तर फाटकं हाय. मंग ह्याचे पैसे जास्ती कसे?" दुकानदार म्हणाला, "आजी, ती फॅशन आहे." त्यावर त्या नातवाकडे वळून म्हणाल्या, "मंग घरची जुनेरं काय वाईट हायेत रे लेकरा?"

दुकानातील मंडळी हसली. परंतु भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नाला हसून चालणार नाही. आजीबाईंच्या बोलीत ‘जुनेर’ हा शब्द होता आणि नातवाच्या बोलीत त्याच्या जागी कोणताच शब्द नव्हता, ही गोष्ट वरवर दिसते तेवढी क्षुल्लक नाही. एखाद्या भाषेतून वस्त्राच्या अवस्थांची नावे गळून पडली म्हणजे त्या अवस्थाही व्यवहारातून कशा नाहीशा होतात आणि त्याचा आजच्या खरेदीच्या हव्यासाशी काय संबंध पोचतो, हे पुढील विवेचनात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांची मांडणी करू. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात, आणि थोड्याफार फरकाने सर्व महाराष्ट्रात, सुती लुगड्याच्या आयुष्यक्रमाची एक पूर्ण शब्दावली आढळते. अंगाला न लागलेले लुगडे ते ‘कोरे’. ते पहिल्यांदा नेसणे म्हणजे ‘घडी मोडणे’. हा मान पुष्कळदा घरातील लेकीला किंवा नणंदेला दिला जाई. नंतर लुगडे एकतर ‘ठेवणीतले’ होई किंवा रोजच्या ‘नेसूचे’. रोज नेसलेले लुगडे मध्यभागी आधी विरते, कारण बसण्या-उठण्याचा घासा तेथे बसतो. काठाकडचा व टोकांकडचा भाग त्या मानाने शाबूत राहतो. तेव्हा विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांस शिवून घ्यावयाची, या क्रियेला ‘दांड घालणे’ किंवा ‘दंड घालणे’ असे म्हणतात. दांडाचे लुगडे आणखी काही काळ नेसले जाई.

त्यापुढची अवस्था ‘जुनेर’. हे नेसण्याजोगे राहिलेले नसले तरी टाकण्याजोगेही झालेले नसते. जुनेराचे ‘धडपे’ होते, म्हणजे अर्धा तुकडा पांघरण्यास किंवा भाकरी-धान्य बांधण्यास वापरला जातो. मऊ पडलेल्या भागाचे तान्ह्या बाळासाठी ‘दुपटे’ होते. बाकीचे थर एकावर एक घालून ‘गोधडी’ किंवा ‘वाकळ’ शिवली जाते. त्याहून लहान तुकड्यांची नावे कामावरून पडली आहेत. डोक्यावरील घागरीखाली ठेवावयाची ती ‘चुंबळ’, चुलीवरील तापलेले भांडे उतरावयाचे ते ‘मसोते’, जमीन सारवावयाचे ते ‘पोतेरे’. यांपैकी कशासही उपयोगी न पडणारी ‘चिंधी’ तेलात भिजवून पिळली की तिचा ‘काकडा’ होतो. पहाटेच्या काकडआरतीस तिचे नाव याच चिंधीच्या वातीवरून मिळाले आहे, ही गोष्ट आरतीस जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असते, कोण जाणे.

या शब्दमालिकेची दोन लक्षणे लक्षणीय आहेत. पहिले असे की, येथे वस्त्र वयावरून आणि कामावरून ओळखले जाते. ते कोणी विणले वा विकले याचा उल्लेख या नावांत नाही. दुसरे असे की, या मालिकेत ‘कचरा’ हा शब्द कोठेच येत नाही. काकडा जळून गेल्यावर जी राख उरते तेवढाच वस्त्राचा शेवट.

३

याच्या उलट मौल्यवान वस्त्रांची शब्दावली पाहावी. जर, किनखाब, मखमल, शाल, पोशाख हे शब्द फारसी-अरबीतून, बहुतांशी दरबारी व्यवहाराच्या द्वारे मराठीत उतरले. औरंगाबादेच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विणकामामुळे ‘मशरू’ व ‘हिमरू’ हे शब्द मराठवाड्यात रूढ झाले. मशरू याचा मूळ अरबी अर्थ ‘धर्माने अनुज्ञा दिलेले’ असा आहे. शुद्ध रेशीम पुरुषाच्या अंगास लागू नये अशी धर्माज्ञा असल्यामुळे आतील बाजूस सूत व बाहेर रेशीम अशी विणकराने तोड काढली. वस्त्राचे नाव त्या तोडीवरून पडले.

डागडुजीच्या शब्दांतही हाच भेद दिसतो. शालीला ‘रफू’ करतात, घोंगडीला ‘ठिगळ’ लावतात. पहिला शब्द फारसीतून आलेला, दुसरा देशी. रफूचे कौशल्य असे की ती दिसता कामा नये. ठिगळ लपविण्याचा प्रयत्नच नसतो. एकच क्रिया, परंतु श्रीमंताच्या वस्त्राला झीज झाकण्याचा शब्द मिळाला आणि गरिबाच्या वस्त्राला झीज कबूल करण्याचा.

तथापि महाग वस्त्र व साधे वस्त्र यांत पूर्वी एक समानता होती. पैठणीची किंमत तिच्यातील रेशमाची, जरीची आणि विणकराने मागावर घालविलेल्या आठवड्यांची किंवा महिन्यांची असे. तीही वयाच्या नियमातून सुटत नसे. आईची पैठणी लेकीकडे जाई आणि अगदी विरली म्हणजे तिची जर जाळून चांदी काढून घेतली जाई. भरजरी शालू असो की जाडेभरडे लुगडे असो, दोघांनाही म्हातारपण होते आणि म्हातारपणाचा उपयोगही होता.

४

आता ‘जुने’ या शब्दाकडे वळू. संस्कृत ‘जीर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’, मराठी ‘जुने’ ही परंपरा सर्वमान्य आहे. जीर्ण म्हणजे झिजलेले, वयाने खचलेले. म्हणजे ‘जुने’ या शब्दाच्या पोटात झीज हा अर्थ मुळापासून आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह टाकणाऱ्या आत्म्यास उपमा दिली आहे ती जीर्ण वस्त्रे टाकणाऱ्या माणसाची. वस्त्र टाकावयाचे ते जीर्ण झाल्यावर, हे तेथे इतके गृहीत आहे की ते निराळे सांगण्याची गरज पडली नाही.

आजच्या बाजारात ‘जुने’ याचा अर्थ पालटला आहे. एखादा सदरा तीनदा घातलेला, धडधाकट, रंगही न उतरलेला असा असतो, तरी तो ‘जुना’ म्हणून पेटीच्या तळाशी जातो, कारण त्या धाटणीचा मोसम संपलेला असतो. जुने होणे आणि झिजणे यांची अशी फारकत होणे, हा आपल्या काळातील एक मोठा अर्थबदल होय. वस्त्र झिजण्यास वर्षे लागतात. धाटणी जुनी ठरविण्यास एक जाहिरात पुरते. ज्याला अधिक विकावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही फारकत किती सोयीची आहे हे सांगावयास नको.

फ्रेंच अभ्यासक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फॅशनविषयक ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्राऐवजी नियतकालिकांतील वस्त्रांच्या वर्णनांचे विश्लेषण केले. फॅशनचा व्यवहार बव्हंशी शब्दांवर चालतो, हा त्यामागील विचार होता. त्यापूर्वी १८९९ मध्ये थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी दाखवून दिले होते की, उंची वस्त्राचे एक प्रमुख कार्य धन्याची ऐपत इतरांस दिसेल अशी मांडणे हे असते. धारूरच्या दुकानातील त्या विजारीवर नाममुद्रा आतल्या शिवणीत नसून बाहेर, दिसेल अशी होती. व्हेब्लेन यांचे म्हणणे याहून सोप्या रीतीने समजावून देता येणार नाही.

त्या विजारीच्या कापडाचा इतिहासही येथे सांगण्याजोगा आहे. इंग्रजीत जाड सुती कापडाला व त्याच्या कामकरी पोशाखाला ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाशी जोडला जातो. आपल्याकडील हे स्वस्त व भरड कापड जहाजांतून बाहेर गेले. अशाच कामकरी कापडाच्या विजारीचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांस तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचे एकस्व अमेरिकेत जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये मिळविले. फाटू नये म्हणून जिची योजना झाली ती विजार आज फाडून अधिक किमतीस विकली जाते. अर्थ उलटा फिरण्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोशातही सापडणे कठीण.

५

येथवरच्या विवेचनावरून जुन्या वस्त्राची संस्कृती सर्वथा मंगल होती असा समज होण्याचा संभव आहे. तसा समज होऊ देणे हे सत्यास सोडून होईल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरील वस्त्रे वापरावीत असे सांगितले असून, त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्रास जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही विधान आहे. म्हणजे जुने वस्त्र हे काटकसरीचे साधन होण्यापूर्वीच हीनत्वाची खूण ठरविले गेले होते. गावगाड्यात दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले वस्त्र कोणाच्या वाट्यास येई, हे जातीवरून ठरे.

हे ध्यानी घेतले म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वस्त्राकडे इतके लक्ष का दिले ते कळते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या प्रसंगी त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलण्यास व अस्पृश्यतेची ओळख पटविणारे जड दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्र महाग असावे असा त्यांचा आग्रह नव्हता. ते स्वच्छ असावे आणि त्यावरून जात ओळखता येऊ नये, असा होता. पुढे त्यांचा स्वतःचा पाश्चात्त्य पोशाख असंख्यांना अभिमानाचा विषय झाला. त्याला केवळ चैन म्हणणे म्हणजे वस्त्राचा इतिहास न वाचणे होय.

त्याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही वस्त्राचा विचार चालू होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकुरांनी या कृतीस आक्षेप घेतला. ज्या देशात अंग झाकावयास वस्त्र नाही तेथे वस्त्र जाळण्याचा अधिकार कोणास, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. होळीत पडलेले कापड कोणाचे तरी जुनेर होऊ शकले असते, हे धारूरच्या आजीबाईंनाही पटले असते असे वाटते. मात्र त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून गांधींनी स्वतः पंचाच नेसावयाचे ठरविले, हेही विसरता येत नाही.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत जिवंत रूप गाडगेमहाराजांचे (१८७६–१९५६). परीट जातीत, म्हणजे दुसऱ्यांची वस्त्रे धुणाऱ्या समाजात, त्यांचा जन्म झाला. स्वतः मात्र त्यांनी चिंध्या जोडून केलेले वस्त्र पत्करले आणि लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणू लागले. कर्ज काढून सण करू नका, लुगडे कमी भावाचे घ्या पण मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश असे. या उपदेशाचे मोल वादातीत आहे. तरीही अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवून ठेवावी. काटकसरीची वेळ आली की प्रथम कमी भावाचे होते ते बायकोचे लुगडे. दांड, जुनेर, धडपे, वाकळ हे शब्द बव्हंशी स्त्रियांच्या तोंडी का सापडतात याचे उत्तर येथे आहे. वस्त्र विरणे, ते शिवणे आणि त्याचा शेवटचा धागा उपयोगात आणणे, हे सारे त्यांच्या अंगावर व त्यांच्या हातांनी घडले. ऋतुकाळातील घड्याही त्याच जुनेराच्या असत.

गाडगेमहाराजांची चिंधी आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला मिळालेली चिंधी दिसण्यात एकच. अर्थाने त्या दोन टोकांना आहेत. पहिली निवडलेली, दुसरी लादलेली. हा भेद बौद्धांच्या ‘पांसुकूल’ या शब्दातही आहे. उकिरड्यावरील धुळीतून वेचलेल्या चिंध्यांचे चीवर तो शब्द दर्शवितो. तेथेही ती चिंधी भिक्षूने आपण होऊन पत्करलेली असते. ‘चीर’ या संस्कृत शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मूळ अर्थ फाटकी पट्टी, तापसाचे वल्कल. त्याच्याच नात्यातले मराठी ‘चिरगूट’ हलक्या अर्थाने राहिले, आणि ‘चीर’ मात्र भारी लुगड्याचे नाव झाले. कोशकार ‘वाकळ’ हा शब्दही ‘वल्कल’ याच्याशी जोडतात. म्हणजे तापसाने निवडलेली साल एकीकडे कथा-पुराणांत पूज्य राहिली आणि तोच शब्द झिजून गरिबाच्या अंथरुणाला चिकटला.

या भेदावरून आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. धारूरच्या बाजारात जुनी मोटारसायकल विकत घेण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. जुना सदरा विकत घेतला असे मात्र कोणी उघड सांगत नाही. मोठ्या शहरांतील सुखवस्तू तरुण-तरुणी आज वापरलेले कपडे हौसेने घेतात आणि त्यास विचारपूर्वक केलेली निवड मानतात. ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या आज्याला उतरलेले वस्त्र हात पुढे करून घ्यावे लागले, त्यांच्या नातवाला कोरे कापड हवेसे वाटते, यात हव्यास पाहणे अन्यायाचे होईल. ज्याला कोरे घेण्याची मुभा आहे त्यानेच जुनेर अंगावर घेतले, तर ती काटकसर. इतरांस तिचा उपदेश करणे सोपे असते.

६

आता प्रश्न उरतो तो असा की, ही शब्दावली आज का मावळते आहे? केवळ आवड बदलली एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण कापडातच आहे. सूत धुण्याने मऊ होते, पाणी शोषते, तेल धरते आणि संथ जळते. म्हणून त्याचे दुपटे होते, पोतेरे होते, काकडा होतो. आजच्या स्वस्त साड्या बहुशः पॉलिएस्टरच्या असतात. त्या विरत नाहीत म्हणून दांडाची गरज नाही; पाणी शोषत नाहीत म्हणून पोतेऱ्यास निरुपयोगी; तापलेल्या भांड्यास लावल्यास वितळतात म्हणून मसोते होत नाही; आणि वात केली तर जळण्याऐवजी वितळून गोळा होते. वस्त्र टिकाऊ झाले, पण त्याचे म्हातारपण हरवले. जो प्रदेश स्वतः कापूस पिकवितो तेथील स्त्रीच्या अंगावर कापसाचा धागा नसावा, ही विसंगती बीड जिल्ह्यात पावलोपावली दिसते.

गोधडी मात्र अद्याप तग धरून आहे. दिवाळीच्या आगेमागे धारूर परिसरातून असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडात घरी शिवलेल्या गोधड्या असतात. उसाच्या फडाजवळील कोपीत थंडीचे महिने काढावयाचे असतात. आता तिच्याशेजारी पानिपतच्या गिरण्यांतील स्वस्त ब्लँकेट दिसू लागले आहे. त्या गिरण्यांत परदेशांतून टाकून दिलेले लोकरी कपडे पिंजून त्यांचाच पुन्हा धागा काढला जात आला आहे. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचे जुनेर फिरून गरिबाच्या अंथरुणात येते; फरक एवढाच की, ते कोणाचे होते हे पांघरणारा जाणत नाही, आणि आपण टाकलेल्याचे काय झाले हे टाकणारा जाणत नाही. घरच्या गोधडीत प्रत्येक पट्टी कोणाच्या लुगड्याची हे शिवणारी सांगू शकते.

धारूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या जाड्याभरड्या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओव्यांत व आकृत्यांत लिहून काढला. पासोडी म्हणजे पांघरावयाचे साधे वस्त्र. त्याचा त्यांनी ग्रंथ केला. चार शतके लोटली तरी कोणी तिला ‘जुनी फॅशन’ म्हटलेले नाही. एखाद्या वस्त्राचे मोल त्याच्या नाममुद्रेवर अवलंबून नसून त्याच्याकडून आपण काय काम घेतो यावर असते, हे सांगण्यास या परिसरात दुसऱ्या पुराव्याची गरज नसावी.

सारांश असा : खरेदीच्या हव्यासाला विरोध करावयाचा तर केवळ महाग वस्त्राची निंदा करून भागणार नाही. कोरे आणि कचरा या दोन टोकांच्या मधल्या अवस्था जिवंत ठेवल्या पाहिजेत, आणि त्या अवस्था कोणाच्याही गळ्यात न मारता स्वतः पत्करल्या पाहिजेत. या मधल्या अवस्थांची नावे मराठीत तयार आहेत. ती नव्याने घडवावी लागणार नाहीत. विभागातील विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर आपल्या आजी-मावशीकडून ही नावे, त्यांचे उच्चार व उपयोग यांसह टिपून आणावीत, ही विनंती. कोशात शब्द राहतात हे खरे. पण दांड कसा घालावयाचा हे कोश दाखवू शकत नाही, ते दाखविणारे हात आता थोडे उरले आहेत.

असो. धारूरच्या त्या दुकानात शेवटी नातवाने कोणती विजार घेतली, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्याने फाटकीच घेतली. आजीबाईंनी पैसे मोजले आणि बाहेर पडताना म्हणाल्या, "जपून घाल. संपली की माझ्याकडं दे, चुंबळीला हुईल." ते सुती कापड होते, त्यामुळे ती चुंबळ होण्यास हरकत नाही.